तयार वाक्यांची घंटी

आमच्या भावाला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. लहानपणी पाहुणे यायचे म्हटलं की आई त्याला आधीच शेजारी पिटाळायची. एकदा मावशीनं हसत हसत विचारलं, "मी जाड झाले का रे?" तर यानं तिला नखशिखांत न्याहाळलं आणि "हो" म्हणून मोकळा झाला. मावशी पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकली नाही. मोठा झाला, लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला, तरी खोड गेली नाही. इमारतीचा मालक विचारतो, "अजून वर्षभर चालेल ना हा दोर?" हा म्हणतो, "तुमच्या आईला बसवाल का या लिफ्टमध्ये?" मालकाच्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण दोर बदलला जातो.

मी त्याची थोरली बहीण. चर्चच्या गल्लीच्या तोंडाशी माझं कपडे उसवून-शिवून देण्याचं दुकान आहे. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा. गल्लीत कुणाचं पोट कधी सुटलं ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. बोलते जरा जास्त, हे मान्य आहे. पण भाऊ मोजकंच बोलणारा असला की बहिणीला दोघांचं बोलावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी माझी भावजय गेली. दुखणं लांबलं होतं, आणि यानं प्रार्थना करायची काही बाकी ठेवली नव्हती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतानासुद्धा ओठ हलत असायचे. तरी ती गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या दारात माणसं रांगेनं येऊन त्याचा हात धरत होती, आणि जो तो तेच म्हणत होता, "देवानं तिला जवळ बोलावलं." हा नुसता उभा. घरी आल्यावर बूट काढता काढता मला म्हणाला, "ताई, जवळ बोलावलं म्हणे. मी काय तिला लांब ठेवली होती?" मला काही बोलता आलं नाही. मला! मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

त्यानंतर तो दर रविवारी उपासनेला यायचा, पण भिंतीकडेच्या बाकाच्या टोकाला बसायचा. सगळी मंडळी उठून विश्वासांगीकार म्हणायला लागली की हाही उठायचा, पण तोंड बंद. गाणी गायचा, डोळे मिटायचा, फक्त 'मी विश्वास ठेवतो' आलं की ओठ शिवल्यासारखे. एकदा मी कोपरानं ढोसलं, तर म्हणाला, "माहीत नसलेलं कसं म्हणू?" मी म्हटलं, "अरे, सगळे म्हणतात तसं म्हण." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला तुटका दोर विकत होते.

असं चालून गेलं असतं. पण त्याच्या मुलीला मुलगी झाली.

आमच्या चर्चमध्ये पद्धत अशी की बाळाच्या बाप्तिस्म्याला घरातलं सगळ्यात मोठं माणूस बाळाला हातांवर घेऊन पुढे उभं राहतं. पाळक मोठ्यानं विचारतात, "या बाळासाठी तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवता का?" आणि त्या माणसानं "होय" म्हणायचं. पुढे बाळाला वाढवताना त्या 'होय'ची आठवण घरादाराला राहावी, म्हणून हे. जावयाकडचं मोठं कुणी उरलेलं नाही. माझ्या नावाचा प्रश्नच नव्हता, कारण भाचीला बापच हवा होता.

ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि हा तिच्या खिडकीची कडी दुरुस्त करत होता. तिनं सहज विचारलं. याचा हात थांबला.

"मी नाही म्हणू शकणार ते," तो म्हणाला.

"बाबा, एक शब्द आहे."

"म्हणूनच. एकच आहे, तोही खोटा कसा देऊ हिला?"

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आईनं नातवंडाला हातावर घ्यायचं स्वप्न बघितलं होतं. ती नाही. तुम्हीही नाही म्हणताय. मग मला बाप्तिस्माच नको करायला." एवढं बोलून ती बाळाला घेऊन आत गेली. हा स्क्रूड्रायव्हर हातात धरून खिडकीशी उभा. मी म्हटलं, "शाबास! कडी तेवढी नीट बसली, घर मोडलं."

पाळक आमचे तरुण आहेत, पण समजूतदार. त्यांनी त्याला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी मोठ्यांचा अभ्यासवर्ग असतो. बाप्तिस्म्याची तारीख दोन महिन्यांनंतरची ठेवू. तोवर येत जा. तेव्हाही 'नाही'च असेल तर 'नाही'. मी तुमच्या मुलीला समजावेन." आता याला काय बोलायचं? मुलीसाठी तो अडकलेल्या लिफ्टच्या छतावर उतरेल, वर्ग काय मोठा. आला.

वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. रविवारी तिथं लहान मुलांचं संडे स्कूल असतं, त्यामुळे भिंतीवर नोहाचं तारू आहे आणि त्यातल्या जिराफाची मान तारवाच्या छपरातून बाहेर आलेली आहे. घडीच्या खुर्च्या, एक टेबल, आणि चहाची किटली, जिच्यावर माझी हुकमत चालते. वर्ग चालवतात त्या निवृत्त मास्तरीणबाई. काठीला टेकून चालतात, पण जीभ ताठ. आणि त्यांच्या टेबलावर एक घंटी असते. लॉजच्या काउंटरवर ठेवतात ना, वरून टपली मारली की 'टिंग' करणारी, तसली.

भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा बाईंनी त्याला नियम सांगितला. "इथं तयार वाक्य बोलायचं नाही. तुमच्या ताईच्या दुकानात येतात ना माणसं, दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून? तसलं वाक्य. ऐकलेलं, पाठ झालेलं, पण अंगाला न बसलेलं. कुणी बोललं की ज्याला जाणवेल त्यानं घंटी वाजवायची. मग बोलणाऱ्यानं तेच स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नाही जमलं तर 'मला माहीत नाही' म्हणायचं."

"'माहीत नाही' चालतं इथं?" भावानं विचारलं.

"पळतं."

मी त्याचा चेहरा पाहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो खुर्चीत नीट टेकून बसला.

त्या दिवशी बायबलातल्या त्या चार मित्रांची गोष्ट चालली होती. आजारी मित्राला खाटेवर घालून नेतात, दारात गर्दी, म्हणून छप्पर उचकटून त्याला वरून प्रभू येशूपुढे सोडतात आणि तो बरा होतो, ती. आमचे बँकवाले, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घसा खाकरून म्हणाले, "यातून आपल्याला दृढ विश्वासाचा बोध होतो—" टिंग! भावानंच वाजवली. पहिल्याच दिवशी! बँकवाले बिचारे हसले, टक्कल खाजवलं आणि म्हणाले, "बरं. मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

भाऊ गडबडला. मग हळूहळू बोलायला लागला. "मला ते चौघं आवडतात. वरून माणूस सोडायचा म्हणजे चौघांनी दोर सारखाच सैल करत जायचा. एकानं घाई केली की खाट तिरकी. आणि एक सांगू का? खाटेवरचा माणूस गोष्टभर तोंड उघडत नाही. तुझा विश्वास आहे का, असं त्याला कुणी विचारतच नाही."

मास्तरीणबाईंनी घंटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. कुणाचा हात पुढे आला नाही. मी चहा ओतला.

मग काय विचारता! गुरुवार म्हटला की स्वारी आधीच तयार. अंघोळ करून, नखांतलं ग्रीस काढून, हाताला घंटी लागेल अशी खुर्ची पकडून. सगळ्यांना त्याची धास्ती बसली. मी एकदा म्हटलं, "देवाच्या योजना आपल्याला कुठं कळतात," तर टिंग! म्हणतो, "ताई, परवा शिलाई मशीन बंद पडलं तेव्हा त्या योजनेला तू काय म्हणालीस, ते सांग." मी म्हणाले होते ते चर्चच्या आवारात सांगण्यासारखं नव्हतं. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले, काय करणार. घरी जाताना म्हणाला, "ताई, मला 'होय' म्हणता येईल का माहीत नाही, पण इथं बसायला बरं वाटतं." भाचीला मी लगेच फोन केला.

बाप्तिस्म्याचा रविवार जवळ आला, आणि 'उभा राहून बघतो' इथपर्यंत भाऊ आला होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी वर्गात बेकरीवाली आली.

तिचा नवरा नुकताच गेला होता, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. भट्टी तोच सांभाळायचा. बेकरी काही दिवस बंद होती, मग तिनंच शटर उचललं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. ओळीनं सगळे बोलत होते, तिची पाळी आली. ती म्हणाली, "मी काय सांगणार? ह्यांना देवानं जवळ बोलावलं. एवढंच."

टिंग.

आपण काय केलं हे त्याला वाजवल्यावर कळलं. हात घंटीवर तसाच. बेकरीवालीनं घंटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरोबर आहे तुमचं," ती शांतपणे म्हणाली. "वाक्य दुसऱ्याचंच आहे." उठली, पिशवी घेतली आणि गेली. मास्तरीणबाई काठी शोधेपर्यंत ती फाटकाबाहेरसुद्धा पोहोचली होती.

मला असा संताप आला! "अरे, तुला काळीज आहे की नुसती स्प्रिंग बसवलीय?"

"हात आपोआप गेला, ताई. ते वाक्य ऐकलं आणि..." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते वाक्य कुठलं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पुढची शिवी गिळली. पण तो पुढं म्हणाला, "रविवारी मी उभा राहणार नाही. समोरच्या बाईचं रडणं ज्याला ऐकू येत नाही, त्यानं कसला विश्वास सांगायचा? मुलीला तू कळव."

"मी नाही कळवणार," मी म्हटलं. "आधी सकाळी बेकरीत यायचं. माझ्याबरोबर. आणि तोंड उघडायचं."

सकाळी मी त्याला अक्षरशः बाहीला धरून नेलं. बेकरीत भट्टीची ऊब होती आणि सगळीकडे पिठाचा पातळ थर. खिळ्याला नवऱ्याचा अ‍ॅप्रन तसाच टांगलेला. ती कापडानं धरून तापलेले ट्रे बाहेर काढत होती. आम्हाला पाहून थांबली नाही.

"बाई, चुकलं माझं," भाऊ म्हणाला आणि मटकन खाली बसला.

"त्या पोत्यावर नको, मैदा आहे. स्टुलावर बसा."

तो उठला, पार्श्वभागावर पांढरा गोल घेऊन स्टुलावर बसला. एरवी मी हसून हसून मेले असते.

ती पाव उलटे करून जाळीवर ठेवत बोलू लागली. "ते वाक्य माझं नाही, हे मलाही कळतं. पण पहाटे उठून भट्टी पेटवायची असते, आणि बाजूला माणूस नसतं. कशाला तरी धरून उठावं लागतं. काठी दुसऱ्याची आहे म्हणून फेकून देऊ?" मग तिनं एकदम विचारलं, "तुम्ही लिफ्टवाले ना? आत माणूस अडकला तर त्याला काय सांगता?"

"वरून ओरडून सांगतो. 'मी आहे. घाबरू नका. येतोय.'"

"आणि लगेच पोहोचता?"

"नाही. कधी कधी खूप वेळ लागतो."

"सगळ्यांना हेच सांगता?"

"हेच. दुसरं काय सांगणार?"

"म्हणजे तयार वाक्यच की."

भावानं पँटवरचा मैदा झटकला. मग म्हणाला, "पण ते खोटं नसतं, बाई. मी खरंच येत असतो. त्यांना दिसत नाही एवढंच."

"मग?" ती म्हणाली, आणि पुढचा ट्रे काढायला वळली.

आणि माझा भाऊ रडला. भावजय गेली तेव्हा रडला नव्हता, तो त्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला. "ती गेली तेव्हा सगळे तेच म्हणत होते," तो म्हणाला. "मला वाटलं, तोंडावर दार लावून घेतायत. कुणास ठाऊक, बिचारे वरून ओरडत असतील, येतोय म्हणून." बेकरीवालीनं त्याच्या हातात गरम पाव ठेवला. मीही डोळे पुसले, पदराला मैदा लागला तरी.

निघताना तो दारात थांबला. "बाई, रविवारी चर्चला या. आणि घंटी घेऊन या. मी मास्तरीणबाईंना सांगतो. माझ्या 'होय'मध्ये खोट जाणवली तर वाजवा, भर चर्चमध्ये."

"वाजवेन हं. मला भीड नाही."

"अहो, बाप्तिस्मा आहे की सर्कस!" मी ओरडले. माझं कोण ऐकतंय! मास्तरीणबाईंनी त्याच दिवशी स्वतः जाऊन घंटी बेकरीत पोहोचवली, वर म्हणे, "चांगली टपली मारा, जुनी झालीय." भाची तर रडकुंडीला आली. "आत्या, वाजली तर?" मी म्हटलं, "वाजली तर वाजली, मी जोरात खोकेन."

रविवार उजाडला. बाळाचा झगा मी भावजयीच्या लग्नाच्या पांढऱ्या कापडातून शिवला होता. कापड कापण्याआधी तीनतीनदा मोजलं, आणि एवढासा गळा इतका सुरेख बसला की तिनंही नाव ठेवलं नसतं. भाऊ बाळाला हातांवर घेऊन पुढे उभा राहिला. बाळ झोपेत. बेकरीवाली पुढच्याच कुठल्याशा बाकावर, मांडीवर तीच पिशवी, आणि उजवा हात पिशवीत.

पाळकांनी विचारलं, "या बाळासाठी तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवता का?"

भाची ओठ चावत उभी. मी खोकायच्या तयारीत. भावानं आधी बाळाकडे पाहिलं, मग थेट त्या पिशवीकडे.

"ठेवतो," तो म्हणाला. आवाज फुटत होता. "मधेमधे सुटतो हातातून. तेव्हा ही बाकांवरची माणसं माझ्या वाटचा दोर धरतात. माझ्या बायकोनंही धरला होता. आता हिच्यासाठी एक टोक मी धरतो. होय. ठेवतो."

सगळं चर्च वाट पाहत होतं. घंटी वाजली नाही. पाळकांनी हलकेच बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, आणि त्या टिचभर पोरीनं असा काही टाहो फोडला की तयार वाक्य कशाला म्हणत नाहीत ते सगळ्यांना कळावं. भाची हसतेय की रडतेय, समजेना. तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

उपासनेनंतर मी बेकरीवालीला गाठलं. हात अजून पिशवीतच. "नाही वाजवलीत!" मी म्हटलं.

तिनं पिशवी उघडून दाखवली. आत एक पाव होता आणि पुरुषाचा मोठा, चौकड्यांचा रुमाल. घंटीचा पत्ता नाही.

"बेकरीतच ठेवून आलेय," ती म्हणाली.

"अहो, आणि तो खोटं बोलला असता तर?"

"तो?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळले. "सख्खी बहीण ना तुम्ही त्याची? आणि हे मला विचारता?"

"मग हात का आत होता एवढा वेळ?"

"ह्यांचा रुमाल धरला होता," ती म्हणाली.

भावाला मी हे सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, यात खोटं काही नाही.

पुढच्या गुरुवारी घंटी परत टेबलावर आली, आणि बेकरीवालीही आली. या वेळी दाराजवळ नाही बसली, भावाच्या समोरच बसली. तिची पाळी आल्यावर तिनं त्याच्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "ह्यांना देवानं जवळ बोलावलं."

भावानं हात पुढे केला, घंटी उचलली आणि आपल्या खुर्चीखाली ठेवली.

"मी आहे, बाई," तो म्हणाला. "सांगा पुढे."

तिनं सांगायला सुरुवात केली. मला चहा दोनदा गरम करावा लागला, तरी ती सांगतच होती.